चांगला डॉक्टर कोणता? ड्रेस्डेनच्या इस्पितळांतील एका मोजदादीची हकीकत

आपल्या मंडळात नवे कुटुंब आले की दोन-तीन आठवड्यांत माझ्याकडे फोन येतो. पहिला प्रश्न बहुधा तुरीची डाळ कुठे मिळते हा असतो. दुसरा, जरा आवाज खाली आणून, "इथे चांगला डॉक्टर कोणता हो?" पंचवीस वर्षे या शहरात काढल्यामुळे डाळीचे उत्तर मी ठामपणे देतो. डॉक्टरच्या बाबतीत मात्र कोणाचे तरी नाव सांगून मोकळा होतो. डॉक्टर हसतमुख आहे, इंग्रजी बोलतो, आणि ओळखीच्या एका वहिनींना त्याच्या हाताचा गुण आला, एवढीच माझी सामग्री असते. ती पुरेशी आहे का, असे आजवर कोणी विचारले नाही हे माझे नशीब.

खरे तर माझा पोटापाण्याचा धंदाच मोजण्याचा आहे. चिप्सच्या कारखान्यात सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप्स तयार होतात. त्यांतल्या किती चालतात आणि किती वाया जातात, याचा हिशेब ठेवणाऱ्यांपैकी मी एक. अमुक यंत्र चांगले आहे असे आमच्याकडे कोणी म्हणाले, तर लगेच "आकडा दाखवा" म्हणतात. आणि ज्याच्या हाती आपण घरचे माणूस सोपवतो, त्याच्याबद्दल वहिनींचा दाखला चालतो! ही विसंगती मला पहिल्यांदा जाणवली ती २००४ साली, आमच्या मुलीच्या वेळी.

सहावा महिना संपत आला होता. तपासायला आलेली सुईण पन्नाशीची, मोठ्या हाडाची बाई होती. जर्मनीत सुईण हा आजही सन्मानाचा आणि परवान्याचा व्यवसाय आहे हे इथे नव्याने आलेल्यांना सांगायला हवे. तिने हात चोळून गरम केले आणि पत्नीच्या पोटावर ठेवले. आधी वरच्या टोकाला, तिथे डोके आहे की बैठक हे पाहायला. मग दोन्ही बाजूंना, पाठ कुठे आहे हे चाचपायला. मग एका हाताने खाली, ओटीपोटाजवळ. शेवटी पत्नीच्या पायांकडे तोंड करून दोन्ही हातांनी, डोके किती खाली उतरले आहे ते पाहायला. दोन मिनिटांत काम झाले. "हे लिओपोल्डचे चार हात," ती म्हणाली. "आमच्या ड्रेस्डेनचाच होता तो."

रात्री मी आत्याला फोन केला. आत्या दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षे परिचारिका होती आणि पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवीत असे. "लिओपोल्ड? अरे, तो तर आमच्या परीक्षेतला हमखास प्रश्न!" ती म्हणाली. "पण तो ड्रेस्डेनचा हे मला आत्ता कळतंय. आणि बाबा, त्यानं ते कशासाठी काढलं ते विचारलंस का?"

विचारले नव्हते. ते शोधायला बसलो आणि त्यातून हा लेख निघाला.

लिओपोल्ड समजून घ्यायचा तर त्याच्या आधी पन्नास वर्षे व्हिएन्नाला जावे लागते. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. गरीब बायका ज्या वारी येतील त्याप्रमाणे या किंवा त्या विभागात जात. म्हणजे रुग्ण साधारण सारखेच, फरक फक्त हात लावणाऱ्यांचा. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात शेकडा जवळजवळ दहा बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात चारांच्या आत. शिकलेल्या डॉक्टरांकडे सुईणींच्या अडीचपट मृत्यू! शहरातल्या बायकांना हे कोष्टक छापण्याआधीच ठाऊक होते. पहिल्या विभागाची पाळी आली की त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने १८४७ साली कारण ओळखले. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बायकांना तपासायला येत होते. क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. त्याचे पुढे काय झाले, कसा त्याचा उपहास झाला, हे आपण शाळेपासून वाचलेले असते.

पण शाळेच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. पहिल्या विभागाचा खरा आकडा कोष्टकापेक्षाही वाईट होता. ताप चढलेल्या बायकांना इस्पितळाच्या दुसऱ्या वॉर्डांत हलवीत, आणि तिथे बाई गेली की तो मृत्यू बाळंतपणाच्या खात्यावर पडत नसे. त्यामुळे ज्याचे काम मोजायचे, त्याच्याच हाती कोणाला मोजायचे हेही होते.

हे वाक्य मी फोनवर आत्याला वाचून दाखवले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "आमच्याकडे त्याला 'पुढे पाठवणे' म्हणत." तिने सुरुवातीची काही वर्षे एका खाजगी प्रसूतिगृहात काढली होती. बाई हाताबाहेर गेली की रात्रीच्या रात्री जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. रजिस्टरात तीनच शब्द, 'पुढे पाठवले आहे.' वर्षाअखेर त्या प्रसूतिगृहात एकही बाळंतमृत्यू नाही, आणि सरकारी दवाखान्याचे नाव 'तिथे गेलेला परत येत नाही' म्हणून बद्दू. पाठवणे चुकीचे नव्हते, असे आत्या बजावून सांगे. रक्त तिथेच मिळायचे. चूक होती ती रजिस्टराची.

आता ड्रेस्डेन. इथल्या विद्यापीठ इस्पितळाला ज्याचे नाव आहे तो कार्ल गुस्ताव कारुस आपण चित्रकार म्हणून ओळखतो, कास्पार डाव्हिड फ्रिडरिशचा मित्र म्हणून. पण १८१४ पासून १८२७ पर्यंत तो इथल्या प्रसूतिसंस्थेचा प्रमुख होता. त्याच परंपरेत १८७२ साली फ्रान्झ फॉन विंकेल आला. १८७९ साली त्याच्या इस्पितळातली नवजात बाळे अचानक निळी-पिवळी पडू लागली, लघवी काळसर होऊ लागली, आणि ती मरू लागली. विंकेलने ही साथ दडवली नाही, वैद्यकीय नियतकालिकात छापली. तो आजार 'विंकेलचा रोग' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याच वॉर्डातल्या मृत्यूंना आपले नाव लागणे ही काही सुखाची कीर्ती नव्हे. मला मात्र या शहरातल्या सगळ्या पुतळ्यांपेक्षा ती मोठी वाटते.

त्याच्यामागून १८८३ साली गेरहार्ड लिओपोल्ड प्रमुख झाला आणि १९११ साली मरेपर्यंत राहिला. त्याच्या काळात जंतूंची गोष्ट सर्वमान्य झाली होती, हात धुणे आले होते, तरी ताप येणे थांबले नव्हते. लिओपोल्डचा विचार साधा होता. धुतलेला हात पूर्ण स्वच्छ असेलच असे नाही. मग तो आत घालायचाच कशाला? बहुतेक बाळंतपणांत जे कळायला हवे ते पोटावरून कळते. १८९४ साली त्याने एका सहकाऱ्यासह केवळ बाहेरच्या तपासणीवर नैसर्गिक बाळंतपण कसे पार पाडावे यावर लेख लिहिला. आज जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत शिकवतात ते चार हात त्यातले. त्याच्या हाताखाली सुईणी शिकून सॅक्सनीच्या खेड्यापाड्यांत जात, आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांतही तो होता.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. ते चार हात बाळाची स्थिती कळावी एवढ्यासाठीच काढलेले नव्हते. तपासणाऱ्याचा हात हाच धोका आहे, हे मान्य करून काढलेले होते.

त्या काळी जर्मन प्रसूतिगृहे वर्षाचा अहवाल छापीत, त्यात किती बायकांना ताप आला हा आकडा असे. लगेच वाद सुरू झाला. ताप म्हणजे किती? ३८ अंश की त्याहून थोडा जास्त? एका संध्याकाळी चढला आणि सकाळी उतरला तर धरायचा का? एका गावची व्याख्या दुसऱ्या गावाला लागू नाही, त्यामुळे कोणते इस्पितळ चांगले हे भांडण थर्मामीटरच्या अर्ध्या अंशावर येऊन थांबे. माझ्या कारखान्यात 'खराब चिप' कशाला म्हणायचे यावरून दोन विभागांत महिनाभर चाललेली बैठक मला आठवली आणि शंभर वर्षांपूर्वीची ही मंडळी एकदम जवळची वाटली.

१९०३ च्या सुमाराला योहानश्टाट भागात फोटेनहाउअर रस्त्यावर स्त्रियांच्या इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली. त्याच भागात १८९८ साली आर्थर श्लॉसमान या बालरोगतज्ज्ञाने फक्त आजारी तान्ह्या मुलांसाठी जगातले पहिले इस्पितळ काढले होते. तोवर तान्हे मूल इस्पितळात नेणे म्हणजे ते गमावणे अशीच समजूत होती, आणि ती आकड्यांना धरूनच होती. श्लॉसमानने अंगावर पाजणाऱ्या दाया ठेवल्या आणि परिचारिकांना शस्त्रक्रियागृहासारखी स्वच्छता पाळायला लावली.

त्या काळात बोस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक सर्जन होता. प्रत्येक रुग्णाचा वर्षभराने पत्ता काढावा आणि शेवटी काय झाले ते छापावे, असा त्याचा आग्रह. त्यावरून मोठ्या इस्पितळाशी बिनसले. त्याने १९११ साली स्वतःचे छोटे इस्पितळ काढले, १९१६ पर्यंतच्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका मोजून दिल्या. रुग्ण वाढले असतील असे कोणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. इस्पितळ बंद पडले.

त्याच १९११ साली ड्रेस्डेनला आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले. पन्नास लाखांहून जास्त लोक आले. संख्याशास्त्राला तिथे स्वतंत्र दालन होते, मृत्यूचे आलेख रंगवून भिंतीवर लावले होते. आज आपण मुलांना घेऊन जातो ते आरोग्य संग्रहालय त्यातूनच जन्मले.

त्या आलेखांचे पुढे काय झाले ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९३३ नंतर तेच संग्रहालय वंशशुद्धीच्या प्रचाराला जुंपले गेले. ड्रेस्डेनहून एल्बेच्या काठाने वीसेक किलोमीटरवर पिर्ना गाव आहे. तिथे टेकडीवर झोनेनश्टाइन. १८११ साली मनोरुग्णांसाठी तिथे इस्पितळ सुरू झाले तेव्हा माणुसकीच्या उपचारांसाठी त्याचे नाव युरोपभर झाले होते. १९४० आणि ४१ मध्ये तिथल्या तळघरात १३,७२० मनोरुग्ण आणि अपंग माणसे विषारी वायूने मारली गेली. त्याआधी प्रत्येकाचा एक छापील अर्ज भरला जाई. आजार कोणता, काम काय करतो, नियमित भेटायला कोणी येते का. दूरच्या डॉक्टरांनी माणूस न पाहता त्या अर्जावर खूण करायची. मोजमाप चोख होते. मोजणारे डॉक्टर होते, आणि त्यांचे काम किती 'फत्ते' झाले हे रिकाम्या झालेल्या खाटांवरून ठरत होते.

१९४७ च्या उन्हाळ्यात ड्रेस्डेनच्या न्यायालयात या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर खटला चालला. झोनेनश्टाइनचा माजी संचालक पॉल नित्शे याला मृत्युदंड झाला आणि १९४८ साली याच शहरात तो अमलात आला. मी त्या टेकडीवर दोनदा गेलो आहे. २००० सालापासून तिथे स्मारक आहे. पाहुणे आले की आपण त्यांना बास्टायचे कडे दाखवायला नेतो, ती गाडी पिर्नावरूनच जाते.

पूर्व जर्मनीच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो काळ इथल्या आपल्या शेजाऱ्यांनी पाहिलेला आहे आणि ते मला दुरुस्त करतील. त्या राजवटीत प्रत्येक बालमृत्यूची चौकशी करणारी तज्ज्ञांची समिती असे. फाइल उघडून, टाळता आला असता का, असे विचारीत. १९५० साली हजारी सुमारे ७२ असलेले अर्भकमृत्यू १९८९ पर्यंत ८ च्या आत आले. यात मेहनत खरी होती. पण एक तळटीप आहे. तिथे बाळ 'जिवंत जन्मले' असे म्हणायला हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही लागत, पश्चिमेत यांपैकी एक चिन्ह पुरे होई. ठोके असून श्वास न घेता गेलेले इवले बाळ पूर्वेच्या हिशेबात जन्मलेलेच नसे. आपल्याकडे डॉ. अभय बंग आणि इतर संस्थांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवले ते याच जातीचे होते. गावोगावी मुले जात होती आणि सरकारी नोंदीत ती पोचतच नव्हती.

आमची मुलगी जन्मली ते २००४ साल या गोष्टीतही महत्त्वाचे आहे. त्या वर्षापासून जर्मनीत इस्पितळांना दिवसांप्रमाणे पैसे मिळणे बंद होऊन आजाराप्रमाणे ठरावीक रक्कम मिळू लागली. हिशेबासाठी प्रत्येक निदानाला सांकेतिक क्रमांक आला, आणि कोणत्या विभागाने किती रुग्ण, किती दिवसांत, किती मिळकतीत 'काढले' हे व्यवस्थापनाला महिन्याच्या महिन्याला दिसू लागले. विभागप्रमुखांच्या करारांत ठरावीक शस्त्रक्रियांमागे बोनस आले. २०१२ साली काही अवयव-प्रत्यारोपण केंद्रांत रुग्णांच्या नोंदी बदलून त्यांना प्रतीक्षायादीत वर सरकवल्याचे उघडकीला आले, आणि पुढच्या वर्षी असे संख्येला बांधलेले बोनस रोखण्यासाठी कायद्यात तरतूद करावी लागली.

मला याचे नवल वाटले नाही. आमच्याकडे एखाद्या विभागाला फक्त चालणाऱ्या चिप्सच्या टक्केवारीवर शाबासकी मिळते असे कळले की तो विभाग संशयित चकत्या आधीच बाजूला काढू लागतो. सर्जनला फक्त मृत्यूंच्या टक्केवारीवर तोलले तर ऐंशी वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या आजोबांना तो काय सांगेल? "ऑपरेशन न केलेलेच बरे." म्हणून रुग्णाचे वय, आधीचे आजार हे हिशेबात धरून मग तुलना करावी लागते. न्यूयॉर्क राज्याने हृदयशस्त्रक्रियांसाठी १९८९ पासून असा प्रयत्न केला, तरी सर्जन अवघड रुग्ण टाळतात का, हा वाद तिथे आजही चालू आहे.

मग उपाय काय? मला पटलेली एक पद्धत इथेच चालते. २००८ साली जर्मनीतल्या काही इस्पितळांनी एकत्र येऊन एक उपक्रम सुरू केला, ड्रेस्डेनचे विद्यापीठ इस्पितळही त्यात आहे. बिलांसाठी जमलेल्या माहितीतूनच आकडे काढायचे, म्हणजे वेगळे रंगवून लिहायला वाव कमी, आणि ते प्रसिद्ध करायचे. एखाद्या विभागाचा आकडा वावगा दिसला की दुसऱ्या इस्पितळांतले अनुभवी डॉक्टर येतात, दगावलेल्या रुग्णांच्या फाइली एकेक करून वाचतात, आणि मग तिथल्या प्रमुखासमोर बसून विचारतात. ताप चढल्यावर वरिष्ठाला किती वाजता कळवले? अतिदक्षता विभागात न्यायला एवढा वेळ का लागला? पुष्कळदा दोष सापडत नाही, रुग्णच फार आजारी होते असे निघते. सापडला तर तो बहुधा एका माणसाचा नसतो, रात्रपाळी आणि दिवसपाळी यांच्यामध्ये कुठेतरी पडलेला असतो.

कर्करोगाबाबत तर इथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. विमा संस्थेची आणि कर्करोग नोंदवह्यांची माहिती जोडून, प्रमाणित केंद्रात उपचार झालेले रुग्ण आणि इतरत्र झालेले यांची तुलना केली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रमाणित केंद्रांतले रुग्ण अधिक काळ जगले. डॉक्टरचे नाव विचारण्याआधी 'केंद्र प्रमाणित आहे का' हे विचारा, असे मी आता फोनवर सांगतो. गुडघ्याचा सांधा बदलायचा असेल तर इस्पितळाने वर्षाला किमान ५० करायला हवेत असा नियम आहे, प्रत्यक्षात किती होतात ते दरवर्षीच्या गुणवत्ता अहवालात छापलेले असते, तेही सांगतो. ऐकणारे "बरं बरं" म्हणतात आणि शेवटी विचारतात, "पण तुमच्या ओळखीचा कोणी आहे का?"

आत्या २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेतून एक लांबट हिशेबाची वही निघाली, ती आतेभावाने मला दिली, कारण मोजण्याचे वेड घरात दुसऱ्या कोणाला नाही. त्या प्रसूतिगृहातल्या वर्षांची ती वही आहे. तारीख, बाईचे नाव, गाव, आणि 'पुढे पाठवले' ती वेळ. पाळी संपली की आत्या सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने जिल्ह्याला जाऊन वॉर्डातल्या आयांना विचारून येई आणि शेवटच्या रकान्यात लिही. 'बरी. मुलगा.' 'बरी. मूल नाही.' 'गेली.' काही ओळींचा शेवटचा रकाना कोराच आहे. तिथे तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात फक्त गावाचे नाव पुन्हा एकदा लिहिले आहे, बहुधा पुढच्या खेपेला विचारायचे म्हणून.